उशिरा सरकणारी खुर्ची

१

पलटणीत बढती मिळवायचे रस्ते दोनच होते. खिशात पैसा असला तर वरची जागा विकत घ्यायची. नसला तर वरचा माणूस मरायची वाट बघायची. मेलेल्याची जागा खालच्याला फुकट मिळे. राणीच्या सरकारचा नियमच तसा होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

लेफ्टनंट सिलास ट्रेगिअर दुसऱ्या रस्त्यावरचा. कॉर्नवॉलमधल्या एका पाद्र्याचा हा चौथा मुलगा. बापाने मागे ठेवलं काय, तर जुनी प्रवचनं आणि दमा. त्यात हा प्रेमात पडला फालमथच्या हॅरिएटच्या. तिचा बाप टपालबोटीचा कप्तान, तोंडाने तिखट आणि हट्टाचा पक्का. पलटणीतला कॅप्टन होऊन ये, मग मुलगी देतो, लेफ्टनंटला माझ्या उंबऱ्याशी उभा करणार नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. हॅरिएट थांबली. तिच्या मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागली, तरी ती थांबलेलीच, आणि ट्रेगिअर लेफ्टनंट तो लेफ्टनंटच.

त्या वर्षी पलटणीची एक तुकडी वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावरच्या किल्ल्यात पडून होती. काम म्हणजे सकाळची कवायत, दुपारचा घाम, आणि दिवेलागणीला अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जेवण. या जेवणाचे मात्र नियम कडक. टेबलाच्या डोक्याशी मेजर बिडल्फ. त्यांच्या डाव्या हाताला डॉक्टर मॅकआयव्हर. डॉक्टर या चढाओढीत नसतो, म्हणून तो वेगळा. उजव्या हाताला हुद्द्याच्या उतरंडीने बाकीचे: कॅप्टन डॅली, मग ट्रेगिअर, मग लेफ्टनंट गुडरिक, आणि शेवटी पिम नावाचा नवा अधिकारी. वरचा गेला की त्याचा पेला उपडा घालायचा, मेजर म्हणायचे, 'पुढे सरका', आणि खालचे सगळे एकेक खुर्ची वर. रडणं नाही, भाषण नाही. तळाची खुर्ची रिकामी पडली तर विलायतेहून नवा माणूस येईपर्यंत तिथे ताट मांडायचं आणि पेलाही भरायचा. त्याला म्हणायचे 'येणाऱ्याची जागा'. पलटण कधी अपुरी दिसता कामा नये, हे त्यामागचं कारण.

जेवण झालं की टेबलावरचं पांढरं कापड ओढून काढायचे. मग उभं राहून पहिला पेला राणीच्या नावाने, आणि दुसरा पलटणीचा स्वतःचा: 'एक रक्ताची लढाई, नाहीतर एक तापाचं साल.' म्हणजे जागा खाली होवोत. सगळे हसत हसत प्यायचे. ज्यांच्या जागा खाली व्हायच्या तेही हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचा डॅली. हा आयर्लंडचा गडी ट्रेगिअरचा जिवाभावाचा दोस्त होता.

"लेका, माझ्याकडे बघत पिऊ नकोस," तो दरवेळी म्हणायचा. "माझ्या घशात अडकतं."

२

लढाई आली नाही. ताप आला.

पावसाळ्यात त्या बेटावर पिवळा ताप यायचाच, आणि तो आधी नवख्यांना धरायचा. पिम सोमवारी कवायतीला होता आणि गुरुवारी मातीत गेला. बिचाऱ्याचं नाक अजून उन्हाने सोलवटलेलंच होतं. त्याच्या खाली कुणी नव्हतं, त्यामुळे कुणाला सरकायचं नव्हतं. मेसचा सार्जंट ऑबिन याने शिरस्त्याप्रमाणे त्याच खुर्चीसमोर नवं ताट मांडलं, पेला मदेराच्या दारूने काठोकाठ भरला, आणि जेवण सुरू झालं.

जेवण संपताना ट्रेगिअरच्या लक्षात आलं की तो पेला निम्म्यावर आला आहे.

त्याने डॅलीला खूण केली. डॅलीने मान वाकवून पाहिलं आणि ऑबिनला हाक मारून विचारलं, येणारा अजून बोटीत बसला नाही तोवर त्याची दारू कोण पितंय बाबा? ऑबिन तांबडालाल झाला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मेसच्या थेंबाला हात लावला नाही, असं त्याने आईची शपथ घेऊन सांगितलं. डॅली म्हणाला, मग उकाड्याने उडाली असेल. सगळे हसले. ट्रेगिअरही हसला. उकाडा तर होताच, आणि ऑबिनच्या शपथा पलटणीत सगळ्यांना ठाऊक होत्या.

मग राणीच्या नावाने सगळे उठले. लाकडी जमिनीवर खुर्च्या मागे सरकल्याचा तो नेहमीचा खरखराट झाला आणि थांबला. आणि थांबल्यावर, किंचित उशिराने, टेबलाच्या खालच्या टोकाकडून आणखी एक खुर्ची सरकली.

ट्रेगिअरने मान वळवली. गुडरिक उभा होता. त्याच्यापलीकडची खुर्ची जागच्या जागी होती, की बोटभर मागे होती, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. जुनी जमीन, खाली पोकळी, आवाज घुमायचाच. त्याने असं स्वतःला समजावलं आणि पेला तोंडाला लावला.

३

पण कान एकदा लागले की लागलेच. दुसऱ्या दिवशी तो आवाज आला, तिसऱ्या दिवशीही आला. सगळ्यांच्या मागून, सावकाश, एखादा नवखा माणूस मोठ्यांच्या पंक्तीत अदबीने उठावा तसा. डॉक्टर मॅकआयव्हरला ऐकू येत होतं की नाही कुणास ठाऊक. तो दिवसभर तापकऱ्यांत वावरून आलेला असायचा आणि ताटावरही डुलक्या घ्यायचा. मेजरसाहेबांचा एक कान तोफेने घालवला होता. गुडरिकला मात्र ऐकू येत असावं. तो हल्ली जेवताना उजवा खांदा आखडून बसायचा, आणि एकदा त्याने ऑबिनला विचारलं की या बाजूची खिडकी बंद करता येईल का, गार लागतं. त्या दिवशी वारा नावाला नव्हता आणि कुणाच्याही अंगावरचा सदरा कोरडा नव्हता.

आठवड्याभरात गुडरिक गेला.

ऑबिनने पिमची खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली आणि येणाऱ्याची जागा एक पायरी वर, गुडरिकच्या खुर्चीवर मांडली. म्हणजे ट्रेगिअरच्या अगदी कोपराशी.

बढती वरून मरण आलं तर मिळते. इथे मरण खालून वर चढत होतं, आणि त्याचा कुणाला छदामाचा उपयोग नव्हता. डॅली हे म्हणालासुद्धा. पण त्या दिवशी त्याच्या थट्टेत जीव नव्हता. ट्रेगिअर मान खाली घालून जेवत राहिला. उजव्या बाजूला बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि बघितलं नाही. तरी गार लागलंच. कापड काढल्यावर पाहिलं तर शेजारचा पेला रिकामा होता, अगदी तळापर्यंत.

त्याने रात्री अंथरुणावर पडून विचार केला की आता पाळी आपली. विचार सरळ होता: पिम, गुडरिक, मग ट्रेगिअर. त्याने हॅरिएटची आठवण काढली, देवाचं नाव घेतलं, आणि कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. कपाळ थंड होतं.

सकाळी कळलं की डॅलीला ताप चढलाय.

४

आता खरी परीक्षा सुरू झाली, आणि ती तापाची नव्हती.

डॅली हा त्याचा दोस्त. दोघांनी एकाच तंबूत पावसाळे काढले होते, हॅरिएटचा निरोप आला की डॅली त्याच्या आधी नाचायचा. डॅली गेला असता तर ट्रेगिअरचं काळीज फाटलं असतं. आणि डॅली गेला असता तर ट्रेगिअर त्या दिवसापासून कॅप्टन. पैसा नको, वशिला नको. फालमथच्या त्या खवट म्हाताऱ्याला बोलायला जागा उरली नसती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि ट्रेगिअरला त्यांतली एक बाजूला करता येईना.

त्याने नको तेच केलं. इस्पितळ मेसपासून हाकेच्या अंतरावर, पण तो तिकडे फिरकला नाही. सकाळी म्हणायचा दुपारी जाऊ, दुपारी म्हणायचा त्याला झोपू दे. खरं कारण वेगळं होतं. डॅलीने डोळे उघडून आपल्याकडे पाहिलं, तर आपल्या तोंडावर त्याला काय दिसेल, याची त्याला भीती वाटत होती. एकदा दाढी करताना त्याच्या तोंडून 'कॅप्टन ट्रेगिअर' असे शब्द निघून गेले. वस्तरा तसाच हातात राहिला. स्वतःची अशी किळस त्याला जन्मात कधी आली नव्हती.

जेवायला आता तिघंच. मेजर, डॉक्टर आणि तो. डाव्या हाताला डॅलीची रिकामी खुर्ची, उजव्या हाताला येणाऱ्याची. डॉक्टर काय बातमी आणतो म्हणून ट्रेगिअर कान टवकारून बसायचा, आणि मधूनच त्याचे डोळे डॅलीच्या खुर्चीकडे जायचे. तिच्या हाताची झिलई गेली होती, बैठकीचं वेत थोडं खचलं होतं. तो बघायचा आणि पटकन नजर वळवायचा.

आणि मग एका संध्याकाळी, असाच बघत असताना, त्याला जाणवलं की आपण या खुर्चीकडे जसं बघतोय, अगदी तसंच उजवीकडून कुणीतरी आपल्या खुर्चीकडे बघतंय. रागाने नव्हे, द्वेषाने नव्हे. फक्त वाट बघतंय.

मग त्याला कळलं की ताप आपल्याला सोडून पुढे का गेला. आपण डॅलीच्या जागी सरकलो की आपली जागा त्याला मिळणार होती. पण हे कळणं खरं की नुसतं डोक्याचं भिरभिरं, हेही त्याला ठरवता येईना. अपुरी झोप आणि रिकामं पोट असलं की माणसाला काहीही सुचतं, असं तो स्वतःशी पुटपुटला, आणि कोपर आत ओढून बसला.

५

त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टर मॅकआयव्हर जेवायला उशिरा आला. हात पुसत खाली बसला आणि मेजरांना हलक्या आवाजात म्हणाला की काळी उलटी झालीय; उद्याची सकाळ काही दिसत नाही.

मेजर बिडल्फ वाईट माणूस नव्हते. फक्त शिरस्त्यापुढे त्यांना काही दिसत नसे. दुसऱ्या दिवशी टपालबोट सुटणार होती, ती चुकली तर ट्रेगिअरच्या बढतीची शिफारस महिनाभर लांबणार. माणूस आज गेला काय नि उद्या पहाटे गेला काय, असा त्यांनी हिशेब केला असावा. जेवण आटपलं, कापड निघालं, तेव्हा त्यांनी ऑबिनकडे पाहून मान हलवली. ऑबिनने डॅलीचा पेला उचलला आणि उपडा ठेवला.

"वाईट झालं, ट्रेगिअर," मेजर म्हणाले. "पण तुमचं भलं होतंय, आणि ते व्हायलाच हवं होतं. पुढे सरका."

ट्रेगिअर हलला नाही. त्याच्याआधी दुसरीच खुर्ची हलली. उजवीकडची. या वेळी तो आवाज उशिरा आला नाही आणि अदबीने तर नाहीच.

टेबलाचं महोगनी लाकूड वर्षानुवर्षं घासून इतकं चकचकीत झालेलं होतं की त्यात मेणबत्त्या उलट्या जळताना दिसत. ट्रेगिअरने त्यात पाहिलं. मेजरांची हनुवटी दिसली. स्वतःची लाल बाही दिसली. आणि त्या बाहीला लागून आणखी एक लाल बाही दिसली, मनगटाशी ओली. पुढचा हात ट्रेगिअरच्या खुर्चीच्या दांडीवर होता आणि त्यावर भार दिलेला होता, उठता उठता माणूस देतो तसा. त्याच्या वरचं काही दिसत नव्हतं, टेबलाची कड आड येत होती. मान वर करून थेट बघायची ट्रेगिअरची छाती झाली नाही.

हात कुरूप नव्हता. एखाद्या तरुण माणसाचा असावा. पण त्याची बोटं अधीर झाली होती, आणि ती अधीरता ट्रेगिअरला ओळखीची होती. गेले कित्येक दिवस स्वतःची बोटं तो टेबलाखाली अशीच दाबून धरत होता.

त्याने डॅलीचा उपडा पेला उचलून सरळ केला. सुरई ओढली. थोडी दारू सांडली, पण पेला भरला.

"कॅप्टन डॅली जिवंत आहेत, साहेब," तो म्हणाला. "ही जागा त्यांची आहे. मी माझ्या जागेवर बसलोय आणि इथून उठणार नाही."

मेजरांनी बोट निघतेय याची आठवण दिली. ट्रेगिअर म्हणाला, निघू दे. मेजर तांबारले, हा हट्ट आहे, शिरस्ता मोडतोय, असं बरंच बोलले. ट्रेगिअरने आपला पेला हातात घेतला, उभा राहिला, आणि मोठ्याने म्हणाला, "डॅलीच्या नावाने. तो बरा होवो."

मग डॉक्टर उठला. मग, धुसफुसत का होईना, मेजर उठले. खुर्च्या सरकल्या आणि थांबल्या. ट्रेगिअर श्वास रोखून ऐकत राहिला.

बाहेर बेडूक ओरडत होते. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मग शेजारचं वेत हळूच करकरलं, वजन उतरल्यावर करकरतं तेवढंच, आणि त्याच्या कोपराला इतक्या दिवसांत पहिल्यांदा उकाडा जाणवला.

पेला संपवून तो तडक बाहेर पडला आणि इस्पितळाकडे पळत सुटला.

६

डॅली मेला नाही. ताप पहाटे उतरला. मॅकआयव्हर म्हणाला की असं क्वचित होतं, का होतं ते मला विचारू नका. ट्रेगिअर खाटेशी बसून हुंदके देऊन रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

दोन दिवसांनी डॅलीला बोलण्याइतकी ताकद आली. तोंड पिवळं, डोळे खोल गेलेले, पण जीभ शाबूत. मेसमधली हकीकत डॉक्टरने त्याला सांगितली होती.

"फुकटचा कॅप्टन होत होतास, गाढवा," तो म्हणाला. "आता तो म्हातारा तुला उभा करायचा नाही."

ट्रेगिअर म्हणाला, नको करू दे.

डॅलीने त्याच्याकडे कूस वळवली. मग म्हणाला, "तू रोज येऊन बसायचास ते मला कळत होतं. बोलता येत नव्हतं, पण कळत होतं. पायाशी बसायचास, तोंडातून अक्षर नाही. खरं सांगू, त्या वेळी भीती वाटायची तुझी. परवा संध्याकाळी तू एकदम उठलास. म्हटलं, संपलं, हा चालला माझ्या जागेवर बसायला. आणि मग धापा टाकत परत आलास आणि हात धरलास. तेव्हा म्हटलं, हा आपला सिलास."

ट्रेगिअरच्या अंगावर काटा आला. त्या संध्याकाळच्या आधी तो इस्पितळात एकदाही आला नव्हता, आणि तापात माणूस काय वाटेल ते बघतो, हेही त्याला माहीत होतं. सांगावं की सांगू नये? त्याने डॅलीच्या सुकलेल्या हाताकडे पाहिलं.

"आता कुठे जात नाही," तो एवढंच म्हणाला.

७

पुढचं सगळं बरंच झालं, म्हणून थोडक्यात.

उत्तरेचा वारा सुटला आणि ताप बेटावरून निघून गेला. ट्रेगिअरने हॅरिएटला लिहिलं की कॅप्टन होण्याची वाट बघणं मला जमणार नाही, त्या वाट बघण्याने माझं काय होतंय ते मी पाहिलंय. तू मोकळी आहेस. उत्तर आलंच नाही. पुढच्या एका टपालबोटीतून हॅरिएट स्वतः उतरली, आणि तिच्यामागून पेट्या मोजत, शिव्या घालत तिचा बाप. त्याचीच बोट होती. पोरीने अन्न सोडलं, मग काय करणार, असं तो धक्क्यावर सगळ्यांना सांगत सुटला. हॅरिएटने ट्रेगिअरला पाहिलं आणि म्हणाली, "मला हुद्द्याशी लग्न करायचं असतं तर वडिलांनी पाच आणून उभे केले होते." लग्नाचं जेवण मेसमध्येच झालं. त्याच बोटीतून दोन नवे अधिकारी आले होते. तळाच्या खुर्च्यांवर बसून त्यांनी कासवाच्या सुपावर असा ताव मारला की ऑबिन धन्य झाला. तापाच्या सालाचा पेला त्या दिवशी कुणी उचलला नाही, आणि मेजर बिडल्फ काही बोलले नाहीत.

ट्रेगिअर कॅप्टन झाला तो चार वर्षांनी, डॅली मेजर होऊन वर सरकला तेव्हा. डॅली जिवंत होता आणि जाड झाला होता. नंतर माल्टा झालं, आफ्रिकेतलं केप झालं, कॅनडातली थंडी झाली. ट्रेगिअरची बढती सावकाश होत गेली, मेसमधले तरुण त्याला मागून हसायचे. त्याची एक खोड सगळ्या पलटणीला माहीत होती: राणीच्या नावाने उठायची वेळ आली की हा सगळ्यांत शेवटी उठायचा. बाकीच्या खुर्च्या सरकून थांबायच्या, तो क्षणभर बसून राहायचा, आणि मग आपली खुर्ची मागे करायचा. म्हणजे शेवटचा आवाज आपलाच, हे नक्की.

नोकरी संपली, फालमथला घर झालं, तरी खोड गेली नाही. जेवण झालं की मुलं उठून पळायची, हॅरिएट उठायची, आणि हा मागे बसलेला.

"ऊठ आता," ती म्हणायची. "तुझ्यामागून कोण यायचं राहिलंय?"

तो कान देऊन ऐकायचा. बंदरावरची घंटा, जिन्यावर मुलांची दाणदाण. घरात दुसरा आवाज नसायचा.

"कोणी नाही," तो म्हणायचा, आणि उठायचा.